नाव घेते

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी
खाली निवृत्ती खरात चावी फिरवतो
आणि वर आमच्या विक्रोळीच्या टेकडीवर
नळ आधी खोकतो, मग थुंकतो, मग बोलतो.
पहिली बादली लादीला, दुसरी संडासाला,
तिसरीनंतरच हंडा लावायचा,
हे इथल्या पोरांना पाढ्यांआधी येतं.

मी आरोग्य सेविका, मानधनावर.
पिशवीत काचेची नळी, औषधाची बाटली, एक वही.
नळीत पाणी घ्यायचं, तीन थेंब टाकायचे,
पिवळं झालं तर प्यायला हरकत नाही.
फिलोमिना दर वेळी हसते,
पिवळं म्हणजे चांगलं? ताई, तुमचं सगळंच उलटं.

सोळा नंबरपर्यंत पिवळं.
वर जाल तसं फिकट, पण पिवळं.
सतरापासून काही नाही.
सतरात मी राहते.
तीन थेंब पडतात, विरतात,
पाणी आपलं नितळ, देवाच्या डोळ्यासारखं,
आणि त्यात काही म्हणजे काही नाही.

जे नळीत यायला हवं होतं
ते तस्नीमच्या आरिबच्या डोळ्यांत आलं.
मग कळंत्रे मास्तरांच्या लघवीत,
मग बावीसमधल्या दोघी बहिणींच्या नखांत.
लोक म्हणाले, उसाचा रस.
लोक म्हणाले, नाक्यावरची पाणीपुरी.
मी पण म्हणाले.

रविवारी निवृत्तीला घेऊन गटाराच्या कडेने चढले.
त्याने वाकून बॅटरी मारली.
काळ्या पाण्यात अर्ध्या इंचाचा पाईप,
त्याला सायकलच्या ट्यूबचे तीन वेढे,
वर तांब्याची तार.
"पाणी गेलं की पाईप रिकामा होतो," निवृत्ती म्हणाला,
"आणि रिकामा पाईप श्वास घेतो, वहिनी.
बाहेर असेल ते आत."
मी ऐकत नव्हते.
तारेचा पीळ डावखुरा होता.

अठ्ठ्याण्णव साल, रात्रीचे दोन.
मेणबत्ती मीच धरली होती,
मेण मनगटावर पडत होतं तरी हलले नाही.
हे मांडीपर्यंत गटारात, दातांत तार,
गोदीतून आणलेला पाना कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून
त्याला माझं जुनं परकर गुंडाळलेलं.
उजाडताना आमच्या दारात पाणी आलं.
महिन्याभरात वरच्या पंधरा घरांनी
आमच्या नळातून नळ्या काढल्या,
ह्यांनी कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही.
त्या संक्रांतीला बायकांनी अडवलं, घे नाव, आणि मी घेतलं:
डोंगर चढून आली गंगा, दारात लागली तोटी,
दत्तारामांचं नाव घेते, साखर तुमच्या ओठी.

हे जाऊन सहा वर्षं झाली.
तस्नीमची सासू अजून म्हणते,
पाणी पाजणाऱ्याला जन्नत.

वहीत चार रकाने.
खोली, दिनांक, रंग, कारण.
निवृत्ती म्हणतो, लिहा 'जुनी जोडणी', कोण विचारतंय.
खरंच कोण विचारतंय.
पण जोडणी कुणाची ते लिहिल्याशिवाय
वरून माणूस येत नाही, खोदत नाही,
हे त्यालाही माहीत आहे. तो दुसरीकडे बघतो.

आयुष्यात मी हे नाव यमकाशिवाय उच्चारलं नाही.
रेशनच्या रांगेत बोटाने कार्डावर दाखवलं,
स्मशानातल्या पावतीवर दिराने लिहिलं.

दत्ताराम गंगाराम पाष्टे.
लिहिताना 'ष्ट' जवळ पेन अडकलं, दोनदा गिरवावं लागलं.

वरून तस्नीम विचारते, ताई, भरू का?
नको, मी म्हणते, सोळातून ने.
आणि उकळ.
आणि आपला हंडा उचलून
मीसुद्धा सोळाच्या दारात उभी राहते,
तिच्या मागे.